सत्ताविसाव्या प्रश्नाचं उत्तर

मी नागपुरात टेलिफोनच्या ऑफिसात कारकुनी केली आणि चांगली केली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते एखाद्या कामचुकार बाईच्या हातून घडलेलं नाही. माझ्या टेबलावर कागद शिळा होत नसे. वरून माहिती मागवली की मुदतीच्या एक दिवस आधी माझं उत्तर गेलेलं असायचं. अख्ख्या नोकरीत माझ्या एकाही उत्तरावर वरून उलट शंका आली नाही. याचा मला इतका गर्व होता की निवृत्तीच्या समारंभात मी तो भाषणात सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता आठवलं की कानशिलं तापतात.

शंका का येत नसे, ते गुपित मला पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या जुन्या बाबूंनी शिकवलं होतं. "बाई, रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्यावर वरचा माणूस बोट ठेवतो. पण त्यात काही लिहायलाही जायचं नाही. लिहिलं की वाढलं. किती? कुठे? कधीपासून? पुरावा काय? सरळ निरंक लिहायचं. निरंकवर कोणी काही विचारत नाही." निरंक म्हणजे शून्य, कळवण्यासारखं काही नाही. ज्यानं सरकारी कचेरीत चार दिवस काढले आहेत त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. प्रलंबित तक्रारी, निरंक. अपघात, निरंक. सूचना व अभिप्राय, निरंक. मी शिकले. हुशार होते ना, लवकर शिकले.

आता दादाचं सांगते. माझा थोरला भाऊ नरखेड तालुक्यात आमच्या गावी राहतो. संत्र्याची बाग आहे, थोडी मोसंबी आहे. पन्नाशी गाठायच्या आधीच काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले. आम्ही नागपूरच्या डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या, पण उशीर झाला होता. बागेचं सगळं वहिनीनं अंगावर घेतलं. पहिलं वर्षभर दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचा. वहिनी माझ्याजवळ रडायची, "ताई, तुमचा भाऊ जित्ता असून घरात नाई."

त्याला उठवलं ते फोननं. घरात बटणांचा साधा लँडलाइन होता. पाचच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा असतो, डोळस माणसाला तो कधी जाणवतही नाही. दादानं तिथे बोट ठेवलं आणि तिथून बाकीची सगळी बटणं शोधून काढली. महिन्याभरात तालुक्यातले सगळे नंबर त्याला तोंडपाठ. मग त्यानं रोज सकाळी नागपुरातल्या कळमन्याच्या फळबाजारातल्या दोन-तीन अडत्यांना फोन लावायला सुरुवात केली. किती गाड्या आल्या, मालाला काय भाव निघाला, दिल्लीकडचे व्यापारी आहेत की नाहीत. एवढं विचारून तो बाहेर ओट्यावर येऊन बसायचा, आणि तोवर तिथे माणसं जमलेली असायची. "आज तोडू नोका. गाड्या उभ्याच आहे तथी," असं दादानं म्हटलं की गाव तोडणी थांबवायचं. अडत्याच्या आवाजावरून तो खरं बोलून राहिला की बनवून राहिला हेसुद्धा तो ओळखायचा. लोक म्हणायचे, डोळे गेले पण याचे कान काही औरच आहेत. आधी लोक त्याला मागून आंधळा म्हणायचे. दोन वर्षांत ते भाववाला म्हणायला लागले. दादाला हे नाव फार आवडायचं.

मोबाइल काहून नाही, असं कोणी विचारील. गाव खोलगट जागेत आहे. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, तीसुद्धा लहर लागली तर. आणि लाइट गेली तरी तांब्याच्या तारेवरचा फोन चालतो, कारण त्याला लागणारी वीज तारेतूनच एक्सचेंजमधून येते. आमच्याकडे लाइट किती वेळ राहते ते आमचं आम्हाला ठाऊक. रोज संध्याकाळी सात वाजता दादा मलाही फोन लावायचा. "सैपाक झाला का वं?" हा पहिला प्रश्न. मग कोणत्या अडत्यानं कोणाला टोपी घातली त्याच्या गोष्टी.

एका वर्षी श्रावणात ऑफिसात एक फॉर्म आला. तो मुळात कुठून आला ते कळायला मला अर्धा दिवस लागला, कारण त्याच्यावर चार-पाच कार्यालयांची पत्रं चढलेली होती. कांदा सोलावा तशी एकेक बाजूला करत गेले तेव्हा तळाशी मूळ पत्र निघालं. जगातल्या सगळ्या देशांची मिळून एक संस्था आहे, ती टेलिफोन आणि इंटरनेटची मापं, नियम, शिफारशी ठरवते. तांब्याच्या तारांचं जुनं जाळं सगळीकडेच हळूहळू बंद होणार होतं. पण ते बंद करताना मागे कोण कोण राहील, त्यांच्यासाठी काय करायचं, हे आधी विचारून घ्या, असं त्या संस्थेनं ठरवलं होतं. तिनं आपल्या भागातल्या देशांच्या प्रादेशिक मंडळाला विचारलं. मंडळानं प्रत्येक देशाला विचारलं. दिल्लीनं मुंबईला, मुंबईनं नागपूरला, आणि नागपूरच्या साहेबांनी मला. अर्ध्या जगाचा प्रवास करून तो प्रश्न माझ्या चहाच्या कपाशेजारी येऊन पडला.

अशा मोठ्या संस्थांबद्दल आपल्याकडे लोक दोनच गोष्टी बोलतात. एक तर ते सगळं आपल्याविरुद्धचं कारस्थान असतं, नाहीतर ते लोक उंटावरून शेळ्या हाकत असतात. मीही तेच म्हणायचे. पण सत्ताविसावा प्रश्न वाचला आणि माझं तोंड बंद झालं. तुमच्या भागात असे ग्राहक आहेत का, ज्यांना अंधत्वामुळे, वयामुळे, अपंगत्वामुळे, किंवा वीज वा नेटवर्क नसल्यामुळे जुन्या फोनशिवाय दुसरं साधन वापरता येणार नाही? असल्यास त्यांच्यासाठी कोणती सोय हवी? ज्या कोणी हा प्रश्न लिहिला असेल त्याच्या घरी एखादा दादा असलाच पाहिजे असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

त्या दिवशी सातच्या फोनवर मी दादाला ते वाचून दाखवलं. त्यानं मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे तिकडं परदेशात बसून माह्याबद्दल इचारून राहिले?"

"तुझ्याबद्दल म्हणजे, तुझ्यासारख्यांबद्दल."

"तेच ते. लिहून घे मंग. कागद घेतला का?"

मी कागद घेतला. दोन संध्याकाळ तो मला सांगत होता आणि मी लिहीत होते. बटणं हाताला लागतात, काचेवरचा फोन हाताला लागत नाही. लाइट गेली तरी हा चालतो. गावाला भाव कळतो. आणि दुसऱ्या दिवशी फोन ठेवता ठेवता म्हणाला, "अजून एक लिही. आंधळ्या माणसाले दुसऱ्याच्या हातानं फोन लावा लागला का त्याची अर्धी गोठ पोटातच राह्यते. हे बराबर लिही, त्यायले समजलं पाहिजेन."

"लिहिते दादा," मी म्हटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ऑफिस अर्धं रिकामं होतं. मलाही गावी जायचं होतं, तीनची गाडी होती. बाकीचे सगळे रकाने भरून झाले होते. साहेब माझ्या टेबलापाशी आले. माणूस वाईट नव्हता, उलट सुट्टीला कधी नाही म्हणायचा नाही. "मॅडम, तो परदेशी फॉर्म आज गेलाच पाहिजे. मुंबईहून सकाळपासून दोनदा फोन आला."

"झाला साहेब, सत्तावीस नंबर राहिला."

त्यांनी प्रश्न वाचला, मग खालची बारीक अक्षरातली ओळ माझ्यापुढे धरली. "आहेत म्हणून लिहिलं तर परिशिष्ट लागेल. एक्सचेंजप्रमाणे संख्या, नावं, प्रत्येकाच्या प्रमाणपत्राची नक्कल. आहे का आपल्याकडे?"

नव्हती. ग्राहकाचा पत्ता आमच्याकडे होता, बिल होतं, तार किती लांब आहे तेही होतं. ग्राहकाला दिसतं की नाही याचा रकाना आमच्या रजिस्टरात कोणी कधी आखलाच नव्हता. ती माहिती गोळा करायची तर प्रत्येक एक्सचेंजला फोन करावा लागला असता, दोन आठवडे गेले असते.

"मग अशा ठिकाणी आपण काय लिहितो?"

"निरंक."

"तो निपटा दो ना मॅडम. तीनची गाडी आहे ना तुमची?"

माझ्या ओठांवर आलं होतं, साहेब, संख्या माहीत नाही पण एक तर आहे, माझा सख्खा भाऊ आहे. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर साहेबांनी कदाचित मुंबईला फोन लावून मुदत मागितली असती. त्या माणसाला तेवढी माणुसकी होती. पण मला लाज वाटली. घरचं गाऱ्हाणं सरकारी कागदात घुसवते म्हणतील, असं वाटलं. जो माझ्या नात्याचा आहे तो माहितीत कसा धरायचा, असा काहीतरी वेडगळ शिस्तीचा किडा माझ्या डोक्यात वळवळत होता. आणि दुसरं, जे कबूल करायला मला अजून जड जातं ते हे की, उलट शंका येईल याची भीती वाटली. इतक्या वर्षांत जी आली नव्हती ती. मी निरंक टाइप केलं, साहेबांची सही घेतली, फॉर्म पाठवला आणि रिक्षा करून गणेशपेठच्या स्टँडवर गेले. गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून खूशसुद्धा झाले.

म्हणजे पाहा, दादाला भेटायला जाण्याच्या घाईत मी दादाला कागदावरून पुसून आले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो दुसरा काय असतो!

दुसऱ्या दिवशी पोळ्याला दादा अंगणात बैलाजवळ उभा होता. शिंगांना लावलेली बेगड नीट चिकटली का ते हातानं चाचपून पाहत होता. माझी चाहूल लागताच म्हणाला, "लिहिलं का वं?"

वहिनी पूजेचं ताट घेऊन उभी होती. शेजारचे दोघे-चौघे होते. मी म्हटलं, "हो दादा. तू सांगितलं तसंच सगळं लिहिलं."

त्याचा चेहरा असा फुलला! शेजाऱ्यांकडे तोंड करून म्हणाला, "ऐकलं का गा? माह्या बहिणीनं परदेशात लिहून धाडलं. आपल्या गावाबद्दल." आणि बैलाच्या पाठीवर दोन थापा मारल्या. मी पुरणपोळी खाल्ली. दोन खाल्ल्या. त्या वेळी मला एवढंच वाटत होतं की फॉर्म कुठेतरी धूळ खात पडेल, कोण वाचतो असले फॉर्म.

वाचला. हेच तर मला कधी कळलं नव्हतं, की आपण भरलेला फॉर्म कोणीतरी वाचतो. पुढच्या उन्हाळ्यात प्रादेशिक मंडळाचा अहवाल आमच्या ऑफिसात आला. साहेबांनी छापून माझ्या टेबलावर ठेवला, "पाहा मॅडम, आपलं काम कुठे पोचलं." शेवटी एक लांबच लांब तक्ता होता, एकेका देशाची एकेक ओळ. सत्ताविसाव्या प्रश्नाखाली आपल्या देशापुढे लिहिलं होतं की क्षेत्रीय कार्यालयांकडून असे ग्राहक कळवण्यात आलेले नाहीत. माझं एकटीचं निरंक नव्हतं ते. मी वर्ध्याच्या आणि अमरावतीच्या ओळखीच्या बायांना फोन करून विचारलं. "आमीबी निरंकच धाडलं बाप्पा, कोन बसते तेवढं गोळा करत?" असं एक म्हणाली आणि हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही. सगळ्यांनी मिळून केलेलं पाप वाटून हलकं होतं म्हणतात, माझ्या वाट्याचं काही हलकं झालं नाही. त्यांना कोणी दोन संध्याकाळ बसून उत्तर सांगितलं नव्हतं.

त्या तक्त्यावरून मंडळानं आपली एकत्र भूमिका ठरवली, आणि ती घेऊन ते मोठ्या संस्थेच्या सभेत गेले. तिथून शिफारस निघाली. ज्या देशांमध्ये जुन्या फोनवर अवलंबून असलेले लोक आहेत त्यांनी आधी पर्यायी सोय करावी, मग तार काढावी. ज्यांच्याकडे असे लोक कळवलेले नाहीत त्यांना थांबण्याची गरज नाही. किती सरळ आणि किती शहाणी शिफारस! मी ती तीन-तीनदा वाचली, कुठे तरी त्यांची चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. या संस्थांकडे ना पोलीस ना दंड. त्या कोणावर काही लादत नाहीत. त्यांच्याजवळ फक्त खालून गेलेले कागद असतात, त्या कागदांवरून त्या शहाणपण करतात, आणि मग दिल्लीच्या हुकमात पहिलंच वाक्य येतं, आंतरराष्ट्रीय शिफारशींना अनुसरून. हुकूम आमच्याकडे आला. कमी जोडण्यांची गावाकडची एक्सचेंज बंद करायची. यादीत आमच्या गावाचं एक्सचेंज होतं.

यादी आली त्या दिवशी मला शुद्धिपत्र पाठवता आलं असतं. ऑफिसात चुका होतात, शुद्धिपत्रं निघतात, त्यात काही आकाश कोसळत नाही. मी मसुदासुद्धा लिहिला. पूर्वी निरंक कळवले होते, त्याऐवजी. तिथे माझं पेन थांबलं. त्याऐवजी काय, आणि तेव्हा का नाही, हे वरून विचारलं गेलं असतं. माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते. स्वच्छ सुटायचं होतं मला. मसुदा फाडला.

गावात एक्सचेंजच्या भिंतीवर नोटीस लागली. हरकत असेल तर महिन्याभरात कळवा, असंही तिच्यात होतं. त्या महिन्यात दादाचा फोन रोज येत होता, पण नोटिशीबद्दल त्यानं मला काही विचारलं नाही. मी त्याला काही सांगितलं नाही. शेवटच्या संध्याकाळी तो म्हणाला, "उद्यापासून मुका होऊन राहिला वं आपला फोन. जाऊ दे. तू त लिहिलं होतं. त्या मोठ्या लोकायनं नाई ऐकलं, त्याले तू काय करशीन?" मी रिसीव्हर कानाला लावून नुसती हं हं करत राहिले.

मग मी, पापी बाई, त्याला भारीतला मोबाइल घेऊन दिला. बोलून दाखवणारा. त्यातला आवाज हिंदी अशा काही थाटात बोलायचा की दादा म्हणायचा, ही बाई कोन्या देशची आहे? काचेवर बोट फिरवता फिरवता भलत्यालाच फोन लागायचा. रेंज टाकीपाशी, म्हणजे वहिनीनं हात धरून तिथवर न्यायचं, फोन लावून द्यायचा, आणि शेजारी उभं राहायचं. आमचं बोलणं दोन वाक्यांत संपायला लागलं. बरी आहेस का, बरा आहे. अडत्यांच्या गोष्टी बंद झाल्या. गावातल्या पोरांच्या मोबाइलवर टाकीपाशी भाव यायला लागले, ते खरे की बनावट ते कोणी आवाजावरून पारखत नव्हतं, पण यायला लागले. ओट्यावर माणसं जमेनात. वहिनीनं एकदा हळूच सांगितलं, "ताई, पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडून राह्यते."

निवृत्त झाल्यावर पहिल्या फेब्रुवारीत मी गावी गेले. मृग बहाराची तोड चालू होती, वहिनी बागेत होती. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील, पूर्वी त्याची ओट्यावर बसायची हीच वेळ. दादा खाटेवर होता. मी चहाचं आधण ठेवलं आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. ठरवून आले होते. नागपूरपासून गाडीत वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही आठवलं नाही.

"दादा, मी ते लिहिलंच नव्हतं."

"काय?"

"तो फॉर्म. तू सांगितलेलं. मी निरंक लिहून पाठवलं."

"निरंक म्हणजे?"

"म्हणजे, आमच्या भागात असा कोणी नाही."

तो उठून बसला. माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून त्यानं विचारलं, "म्हणजे मी नाई?"

"तू नाही."

मी रडायला लागले. त्यानं मला गप्प हो म्हटलं नाही, शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तो काहीतरी हिशेबात लागल्यासारखा बसून होता. मग म्हणाला, "म्हणजे तिकडच्यायले माहीतच नव्हतं. अन् मी वरीसभर त्यायले शिव्या देऊन राहिलो." थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, "पुन्हा इचारतीन का ते?"

"नाही दादा. ते एकदाच विचारतात."

"हं," तो म्हणाला. आणि मग त्यानं मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. नोटीस लागली त्या आठवड्यात गावातले पाच-सहा जण हरकतीचा अर्ज लिहून त्याच्याकडे आले होते. पहिली सही भाववाल्याची पाहिजे म्हणून. "मीच परत धाडले. म्हटलं, कायले करता? माह्या बहिणीनं ऑफिसातून, आतून लिहून धाडलं आहे, थेट परदेशात. तिचं ऐकलं नाई तथी तुमच्या चिठोऱ्याले कोन इचारते? फाडला त्यायनं अर्ज. माह्यासमोर फाडला."

माझं रडणं तिथेच थांबलं. कारण मला ऑफिसातून माहीत होतं. पलीकडच्या एक्सचेंजच्या गावांनी असाच एक अर्ज दिला होता, वहीच्या पानावर, सह्या-अंगठ्यांचा. दुसरी सोय होईपर्यंत त्यांची तार काढू नये असा शेरा त्याच्यावर पडला होता. ते फोन अजून चालू आहेत. दादालाही हे कुठून तरी कळलेलं होतं, त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

त्यानं खाटेखाली हात घालून काठी काढली.

"कुठे निघालास?"

"ओट्यावर. लोकायले सांगा लागन."

"थांब, मी येते. मी सांगते त्यांना, माझं मी सांगते."

"तू बस. च्या पाह्य, उतू जाईन."

भिंतीला हात लावत तो बाहेर गेला. ओटा दाराला लागूनच आहे, बाहेरचं बोललेलं आत ऐकू येतं. कित्येक महिन्यांनी भाववाला ओट्यावर दिसला म्हणून रस्त्यावरचे थांबले, बागेकडे निघालेले दोघे-तिघे वळून आले. रामराम झाले. मग दादाचा आवाज आला. "तो अर्ज मी फाडाले लावला होता. ते चुकलं माह्यं. तुमचा फोन माह्यामुळं गेला. माफी करा."

कोणीतरी म्हणालं, "तुह्यी काय चूक गा? तुह्या बहिणीनं त लिहिलं होतं ना?"

दादाची काठी ओट्यावर टेकल्याचा आवाज आला.

"तिनं तिचं काम बराबर केलं," तो म्हणाला. "ती त फोनवर सांगून राहिली होती, गावाचाबी अर्ज पाहिजेन म्हणून. ऐकण्यात माह्यीच चूक झाली."

ज्याच्या कानांच्या भरवशावर गावानं इतकी वर्षं माल तोडला होता, तो माणूस भर ओट्यावर सांगत होता की आपले कान चुकले. एकानं खाकरल्याचा आवाज आला. चुलीपासून दारापर्यंत चार पावलं होती. चहा वर आला, मी भांडं उतरवलं, कप मांडले, आणि आतच बसून राहिले.